बाराखडी आणि निळी गाणी

आत्मकथन लिहायचं वय झालेलं नसताना तू आत्मकथन का लिहितेस, असं आई मला आठवड्यातून एकदा तरी विचारते. मी तिला सांगते, म्हातारपणी लिहायला बसलेली माणसं स्वतःला माफ करून टाकतात. मला त्याच्या आधी लिहायचंय. आई म्हणते, "हे वाक्य पत्रकातलं आहे, कापून टाक." आमच्या घरात पहिल्यापासून हे असंच. बाबा लिहायचे, आई कापायची, आणि मी दोघांच्या मधे बसून शाई वाळायची वाट बघायचे.

घर सातपूरला, कामगार वसाहतीत. सकाळी आधी विहारातली वंदना ऐकू यायची, मग पहिल्या पाळीचा भोंगा, मग मोटारसायकलींची रांगच्या रांग. बाबा एका कारखान्यात फिटर होते आणि उरलेल्या वेळात युनियनचे, जयंती कमिटीचे, पाणीप्रश्नाचे, वाचनालयाचे आणि ज्याला कुणाला पत्रक हवं असेल त्याचे लेखक. छपाईची लाकडी चौकट पलंगाखाली असायची. शाईचा आणि लसणाच्या फोडणीचा वास एकात एक मिसळलेला असायचा. अजूनही कुठे ताजी शाई नाकात गेली की मला भूक लागते. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मला सलग वाचता आलेला पहिला शब्द 'बंधू-भगिनींनो' हा होता, त्यामुळे शाळेत बाईंनी 'कमळ' वाचायला सांगितलं तेव्हा ते मला फारच मिळमिळीत वाटलं. पिठाच्या डब्याखाली पत्रक, ट्रंकेच्या तळाला पत्रक, जेवताना भाकरीही पत्रकावर. भाकरी उचलली की खाली 'धिक्कार' दिसायचा. आई कांदा चिरता चिरता बाबांचा नवा मजकूर ऐकायची आणि मान वर न करता म्हणायची, "ज्वलंत काढा. प्रश्न म्हटलं की तो ज्वलंतच असतो." बाबा चिडायचे, आणि 'ज्वलंत' काढायचे.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात कधीच छापली गेली नाही. दुरुस्ती. चूक झाली तर बाबा नवीन पत्रक काढायचे, आधीच्यापेक्षा मोठ्या टायपात.

शांतवनकाका बाबांचे मित्र. मूळचे शरणपूरचे, ख्रिस्ती, एका लहानशा शेडमध्ये पत्रा वाकवायच्या मशीनवर कामाला. त्यांच्या मावसभावानं जहाजावरच्या नोकरीतून कधी काळी ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यांच्या, कॅसेटी आणल्या होत्या, आणि त्या ऐकून ऐकून काका गिटार शिकले. रविवारी सकाळी मालक शेडची किल्ली द्यायचा. मशीन बंद, दार अर्धं उघडं, आणि आत चार-पाच माणसं गात वाजवत बसलेली. त्यांतले एक दिगंबर गुरुजी. पंचवटीतले पुरोहित, रामकुंडावर यजमानांचे विधी आटोपून स्कूटरवरून थेट सातपूरला यायचे, कपाळावर गंध तसंच, आणि पिशवीतून दर्भाच्या शेजारी ठेवलेला माउथ ऑर्गन काढायचे. नाशकात ब्लूज वाजवणाऱ्यांची संख्या एवढीच होती आणि ती सगळी त्या शेडमध्ये मावायची. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना बाबांचा निरोप घेऊन पहिल्यांदा तिथे गेले, आणि निरोप द्यायचा विसरून कोपऱ्यातल्या पत्र्यांच्या थप्पीवर पोतं टाकून बसले. ती पुढे माझी जागा झाली.

ब्लूजचा साचा सोपा आहे. ठेक्याची बारा घरं, म्हणजे बारा सारखे तुकडे, मोजायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काका त्याला बाराखडी म्हणायचे. "बाराखडी चुकली तर शुद्धलेखन पुढे जात नाही," असं म्हणून गुरुजींकडे बघायचे, कारण गुरुजींना मंत्रांच्या सवयीनं पुढे पळायची घाई. त्या बारा घरांत तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीनं तिला उत्तर द्यायचं. शेडमध्ये रिवाज असा की जो येईल त्यानं जाण्याआधी स्वतःच्या तीन ओळी म्हणायच्या, विषय कुठलाही: सिलिंडर संपला, बस चुकली, साहेबांनी सुट्टी दिली नाही. मी काकांना विचारलं होतं, एकच ओळ दोनदा कशाला? ते म्हणाले, "दुसऱ्यांदा म्हणतो तेव्हा तिसरी शोधायला वेळ मिळतो, म्हणून." मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी तिसरी ओळ घरून पाठ करून आणायचे. पत्रकवाल्यांच्या घरात निष्कर्ष आधी लिहितात.

आणि सूर वाकवणं. काका तार बोटानं वर ढकलायचे, सूर रडवेला होऊन चढायचा. "पत्र्यासारखंच आहे गं मित्रा," ते सांगायचे. "हवा त्याच्यापेक्षा थोडा जास्त वाकवायचा. दाब काढला की थोडा मागे येतोच." माझं नाव संघमित्रा, शेडमध्ये सगळे मित्रा म्हणायचे. अकराच्या सुमाराला काकांच्या घरून मार्थाकाकूंचा डबा यायचा, काळा मसाला घातलेली अंड्याची भुर्जी आणि पाव, आणि काकू स्वतः आल्या असल्या तर दारात उभ्या राहून म्हणायच्या, "किती रडता रे सकाळी सकाळी! आधी खा, मग रडा."

काकू गेल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर काही महिन्यांनी मंडळींनी एका शाळेच्या सभागृहात पहिला जाहीर कार्यक्रम ठरवला. मी तेव्हा कॉलेजात एका अभ्यासमंडळात जात होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं एक पान तयार असायचं. त्या पानाचं नाव होतं 'उसनं दुःख'. समुद्रापलीकडचं दुःख आयात करायची गरज काय, वस्तीतलं दुःख दिसत नाही त्यांनाच परक्या भाषेत रडू येतं, वगैरे. बाबांच्या चौकटीवर छापलं, बाबांचाच जाड कागद घेतला, आईला दाखवलं नाही. सभागृहाच्या दारात उभी राहून मी ते स्वतः वाटलं. काकू गेल्यावर काका पहिल्यांदा लोकांसमोर गाणार होते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी 'उसनं' हा शब्द लिहिला. त्यांनी पत्रक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, गिटार परत खोक्यात घातली आणि निघून गेले. शाळेच्या विश्वस्तांनी नंतर कळवलं, वादाचे कार्यक्रम आम्हाला नकोत. मंडळी परत शेडमध्ये गेली आणि मी पुण्याला.

पुण्यात सात वर्षं मी मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी. या योगायोगावर मी तेव्हा एकदाही हसले नाही, यावरून माझी तेव्हाची एकूण परिस्थिती लक्षात यावी. नाशिकला परतले तेव्हा ठरवलं होतं की शेडवर जायचं. पहिल्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीपर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी दुसरा कप घेत असताना समोर स्कूटर थांबली.

"तीन आठवडे बघतोय," दिगंबर गुरुजी म्हणाले. केस पांढरे झाले होते, गंध तेच. "इथला चहा इतका काही चांगला नाही."

"गुरुजी, काका बोलतील माझ्याशी?"

"ते मला माहीत नाही. ते मशीनशी बोलतात, गिटारशी बोलतात. तू कशात बसतेस ते बघू. चल, बस मागे."

शेडमध्ये आता तिघंच उरले होते. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, गाणं संपवलं, आणि म्हणाले, "आलीस." बस म्हणाले नाहीत. पत्र्यांची थप्पी तिथेच होती, वर पोतंही होतं. मी दाराशी उभी राहिले. पुढचे पाच रविवार मी उभीच राहिले, आणि माझ्याकडे कुणी तीन ओळीही मागितल्या नाहीत. रविवारी सकाळी जातेस कुठे, असं घरी बाबा विचारायचे, तर मी म्हणायचे, कामगार वस्तीत संपर्क वाढवतेय. ते खूश व्हायचे.

सहाव्या रविवारी काका म्हणाले, "मालक शेड विकतोय. पुढच्या वर्षी इथे काय असेल कोण जाणे. त्याच्या आधी एकदा लोकांसमोर वाजवायचं म्हणतोय मी. पत्रक तू लिही."

"मी?"

"तुझ्या पत्रकानं बंद पडलं. तुझ्याच पत्रकानं चालू होऊ दे. आणि या वेळी माणसं आली पाहिजेत, मित्रा. तिघांसमोर वाजवून मला कंटाळा आलाय."

मी पेटलेच. घरी जाऊन रात्रीचं जेवण होईपर्यंत तत्त्व ठरवून टाकलं: पत्रकात एकही इंग्रजी शब्द नको. पुढच्या रविवारी गुरुजींनी 'विषादगीते' सुचवलं. "त्याला माणसं येणार नाहीत, नुसता विषाद येईल," मी म्हणाले. ब्लू म्हणजे निळं, म्हणून मी लिहिलं, 'निळी गाणी'. खाली एक ओळ: 'अमेरिकेतल्या कष्टकऱ्यांची दुःखाची गाणी, गिटार आणि माउथ ऑर्गनसह.' बाबांना वरचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी मला तिथेच थांबवलं आणि म्हणाले, "सात वर्षं पुण्यात काढून शेवटी घरी आलीस गं." त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्या मराठीमुळे. आईनं कांदा चिरता चिरता पेन्सिल मागितली आणि खालची ओळ खोडली. "लांबतंय. निळी गाणी म्हटलं की सगळं आलं त्यात." तिची कात्री कधी चुकली नव्हती, म्हणून मी ओळ काढली. कॉलनीतलं समाजमंदिर बाबांनी एका फोनवर मिळवलं आणि पत्रकं घरोघरी स्वतः वाटली.

आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीपासून रिक्षाच्या हुडापर्यंत निळा रंग म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. मी भाषांतर करत होते, आणि भाषांतर करताना माणूस खिडकीबाहेर बघत नाही.

रविवारी दुपारी चारला समाजमंदिर भरलं. बायका पांढऱ्या साड्या नेसून, पुरुषांच्या गळ्यात निळे रुमाल, फोटोंना ताजे हार, समोर मेणबत्त्या. जयंतीला ढोलकी वाजवणारे बाळूभाऊ पहिल्या पाळीवरून थेट ढोलकी घेऊन आलेले. मी खुर्च्या मोजल्या नाहीत, पण बाहेरच्या पायऱ्यांवरही माणसं होती. काका दारात थबकले. "एवढी माणसं?" त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे पहिल्यांदा पूर्वीसारखं बघितलं. मी तोवर निळे रुमाल मोजत होते. गुरुजी कानात म्हणाले, "मित्रा, गंध पुसू का गं?" पहिल्या रांगेतल्या मंदाबाई, ज्यांनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "राहू द्या हो भटजी! तुमी बी निळी गाणी म्हणाया आलात, लय बरं वाटलं."

पहिलं गाणं इंग्रजी. लोक शांत बसले. मंदाबाईंनी शेजारणीला समजावलं, "पाहुण्यांसाठी हाय इंग्रजी. आता सुरू होईल." दुसरंही इंग्रजी झालं. बाबा वळून माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्याच्या मध्यावर निवृत्त कामगार अहिरेदादा उभे राहिले. हातात पत्रक.

"संघमित्रा, ह्याच्यात लिहिलंय निळी गाणी. ह्यात निळं कुठंय, ते दाखव."

मागे दोन-तीन खुर्च्या सरकल्या. काकांनी तारांवर हात ठेवला, गाणं थांबवलं. खाली वाकले आणि गिटारचं खोकं उघडलं. सात वर्षांपूर्वीच्या त्या दारात बघितला होता तोच चेहरा. पुन्हा माझं पत्रक, पुन्हा तेच खोकं.

मी धावत जाऊन माइक घेतला. तोंडातून आपोआप "बंधू-भगिनींनो" निघालं आणि माइक किंचाळला. कुणीतरी हसलं. "पत्रकात चूक आहे," मी म्हणाले. बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या आयुष्यात हे वाक्य माइकवरून पहिल्यांदाच आलं असावं. "त्यांच्याकडे... तिकडे निळं म्हणजे दुःख."

"निळं म्हणजे दुःख?" अहिरेदादा ओरडले. "कुणी सांगितलं? आपण निळं घेऊन रडतो का लढतो गं?"

सभागृहात एकदम गलका झाला. दादांचं बरोबर होतं. या वेळी माझ्याकडे पाठ करून आणलेली तिसरी ओळ नव्हती. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. गिटार अर्धी खोक्यात होती.

"मित्रा. तीन ओळी म्हण."

मी म्हटल्या. आवाज फाटका, पट्टी कुठली देव जाणे.

"पत्रक मीच लिहिलं, काका, चूक माझीच झाली."

गिटार बाहेर आली. काकांनी माझी पट्टी शोधली. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि तेव्हा, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मला कळलं की ती दुसऱ्यांदा का म्हणायची असते. खरंच वेळ मिळतो.

"पत्रक मीच लिहिलं, काका, चूक माझीच झाली.
सात वर्षं ओली शाई आज कुठं वाळली."

लोकांना वाटलं, मी समोरच्या पत्रकाबद्दल बोलतेय. काकांना माहीत होतं कुठल्या. त्यांनी वरची तार वाकवली, हवी त्याच्यापेक्षा थोडी जास्त.

पुढचं मी घडवलं नाही. बाळूभाऊंना राहवलं नाही, त्यांनी ढोलकीवर थाप दिली. बिचारे आठ घरं झाली की झोकात समेवर यायचे आणि मंडळी अजून चार घरं लांब. दोनदा तोंडघशी पडले. गुरुजी माउथ ऑर्गन काढून ओरडले, "बाळूभाऊ, बारा! बाराखडी!" "मग आधी सांगायचं ना राव! मला वाटलं, तुमीच लांबवताय." तिसऱ्या वेळी ते बोटांवर मोजत बरोबर आले आणि सगळं समाजमंदिर हसत टाळ्या वाजवायला लागलं. मंदाबाई जागेवरूनच गायला लागल्या, "नळाला पाणी नाय, बाई, हंडा माझा रिता," दोनदा, आणि तिसरीला अडकल्या. मग अहिरेदादाच म्हणाले, "नगरसेवक झोपलाय, त्याला उठवायचा आता!" ते अजून उभेच होते. "हे बघ," ते मला म्हणाले, "ही झाली निळी." मी वाद घातला नाही. आईच्या मते माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी घटना.

शेवटी वंदना झाली, चहा झाला. काकांची एक तार तुटली होती, ती बदलायला ते पायरीवर बसले. जुनी तार काढताना मानेजवळच्या खाचेतून कागदाची एक बारकी, पिवळी पडलेली घडी खाली पडली. मी उचलली.

"हे काय?"

"पॅकिंग," काका म्हणाले. कारखान्यात दोन भागांत फट राहिली की काहीतरी सारून ती भरतात, ते पॅकिंग. "तार खटखट करत होती."

मी घडी उलगडली. नखाएवढ्या तुकड्यावर 'उस' एवढंच उरलं होतं. जाड कागद, बाबांचा.

"तुम्ही हे इतकी वर्षं..."

"राग आला होता म्हणून ठेवलं. कामाला आलं म्हणून राहिलं." त्यांनी नवी तार ताणली. "आता पार चेपलंय. दुसरं लागेल."

त्या आठवड्यात मी बाबांची चौकट पलंगाखालून काढली. आमच्या घरातलं सगळ्यात लहान पत्रक: 'दुरुस्ती. उसनं दुःख या पत्रकातला उसनं हा शब्द चुकीचा होता. लेखिका.' आईनं पेन्सिल घेऊन वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. बाबांनी ते हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "टाइप थोडा मोठा हवा होता." प्रती सगळ्यांना वाटल्या. पहिली रविवारी शेडवर नेली.

काकांनी ती दोनदा वाचली. कोपरा फाडला, त्याची घडी केली, तारेखाली सारली आणि तार छेडली. खटखटली. त्यांनी घडी काढून माझ्या हातात दिली. "अजून एक दुमड." मी दुमडली, त्यांनी पुन्हा सारली, पुन्हा छेडली. सूर स्वच्छ आला.

"बस," काका म्हणाले.

घडीला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही. कोपऱ्यात पत्र्यांची थप्पी होती, वर पोतं होतं. मी जाऊन बसले.